गणपतीच्या फोटोतली जागा

फोटो कोणाचाही असो, काकी आधी त्यातलं तोंड अंगठ्याने झाकत आणि नुसते डोळे बघत. मग डोळे झाकून नुसतं तोंड बघत. संगणकाच्या पडद्यावर अंगठ्याचे ठसे उमटत, ते पदराने पुसत आणि समोर बसलेल्या माणसाला सांगत, "डोळे हसतायत, तोंड नाय हसत. दुसरा काढूया." समोरचा माणूस बहुधा चिडलेला असे, कारण त्याला पासपोर्टसाठी फोटो हवा असायचा आणि त्यात हसायचं नसतंच.

मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाने एकदा तरी त्या स्टुलावर बसून "हनुवटी खाली, अजून खाली, आता जरा वर" हे ऐकलेलं असतं. सगळा रस्ता त्यांना फोटोवाल्या काकी म्हणे. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या यजमानांनी त्यांना निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने काम करायला शिकवलं. गालावरचे खड्डे भरायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकट करायची. पुढे यजमान गेले, निगेटिव्ह गेली, संगणक आला. काकींचं काम तेच राहिलं.

मी त्यांच्याकडे गेले ती मासे घेऊन. मत्स्यशास्त्रात संशोधन करत होते आणि बंदरावर उतरणाऱ्या माशांच्या नमुन्यांचे चांगले फोटो मला हवे होते. माझ्या खोलीत प्रकाश नव्हता, काकींकडे दिवे होते. त्यांनी बर्फाच्या डब्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "ह्यांचा पासपोर्ट काढायचाय?"

फोटो उत्तम आले. चार दिवसांनी छापील प्रती घ्यायला गेले, तर एका माशाच्या पाठीवरचा काळा ठिपका नाहीसा झाला होता. तांबोशीच्या कुळातला तो मासा. त्याची जात ओळखताना पहिल्यांदा तो ठिपकाच बघतात.

"काकी, इथे डाग होता."

"होता ना. काढला. फाटलेला पंखही जोडला."

"अहो, त्या डागावरूनच मासा ओळखतात."

काकींनी चष्मा कपाळावर सरकवला. "मी म्हटलं, कोणी दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली की काय माशाला."

मी तिथेच उभी राहून त्यांना आमच्या शास्त्राचे नियम सांगितले. संपूर्ण प्रतिमेचा उजेड सारख्या प्रमाणात वाढवला तर चालतो. एखादाच भाग उजळलेला चालत नाही. काही पुसायचं नाही, काही घालायचं नाही. दोन प्रतिमा शेजारी जोडायच्या असतील तर मध्ये रेघ ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला जोड कळते. मूळ प्रत कायम जपायची. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जोड दिसायला ठेवली तर मला काम कोण देईल गो?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी दुकानात शिरले की त्या आतल्या माणसांना सांगत, "आल्या आमच्या सायंटिस्ट. आता कोणी काही पुसू नका." पण माझ्या माशांचा एक खवलाही त्यांनी पुन्हा बदलला नाही. बंदरावरून परतताना डबा हातात घेऊन त्यांच्याकडे थांबायची मला सवय लागली. त्या काम करत, मी बघत बसे. दुसऱ्याच्या कामाचे नियम शोधून काढणं ही माझ्या शिक्षणाने लावलेली खोड आहे, आणि काकींना नियम होते. त्यांनी ते कधी मांडले नव्हते इतकंच.

एकदा एक बाई मुलीला घेऊन आल्या. स्थळांना पाठवायला फोटो हवा होता. मुलीच्या गालावर पुरळ होतं आणि भुवईत एक जुना व्रण.

"पुरळ काढते," काकी म्हणाल्या. "हे राहील."

"राहील कसं? तेच तर काढायचंय."

"पुरळ लग्नापर्यंत आपसूक जाईल, म्हणून मी आधी घालवते. भुवईतली खूण घेऊनच ती मांडवात येणार. तिथे मी येऊन पुसू काय?"

मुलगी हसली. आईने दुसरा विषय काढला. "मग रंग तरी जरा..."

काकींनी मुलीचा हात मागितला, उलटा केला आणि कोपराखालची आतली बाजू दिव्याखाली धरली. "हा तिचा घरचा रंग. तोंडावरचा हा उन्हाचा. ह्या हाताइतकं उजळ करीन. पुढे नाय."

मला हे फार आवडलं. कुठल्याही मोजमापाला एक आधाररेषा लागते आणि काकींनी ती त्या मुलीच्याच अंगावर शोधली होती. तरी त्या मायलेकी गेल्यावर मी वाद घातलाच. उन्हाचा रंग तरी का पुसायचा? रोज उन्हातून कॉलेजला जाते ती, तो रंगही तिचाच आहे.

"बरोबर आहे तुझं," काकी म्हणाल्या. "तू समाज सुधार. मी तोवर फोटो करते."

त्यांचे नियम त्या स्वतः सरसकट पाळत असत असंही नाही. भिंतीवर त्यांच्या लेकीचा लग्नाच्या वेळचा फोटो होता. एकदा त्या लेकीला मी प्रत्यक्ष पाहिलं आणि घरी जाऊन पुन्हा विचार केला. फोटोत हनुवटी बरीच आवरलेली होती. मी विषय काढला तेव्हा काकींनी प्रिंटरमध्ये कागद सारखा करण्यात बराच वेळ घालवला. "जावयाची तक्रार नाय," त्या म्हणाल्या. "तुझी का?"

गेलेल्या माणसांच्या फोटोंवर मात्र त्या वेगळ्या हाताने काम करत. तिथे जाणारं काय आणि राहणारं काय हा हिशोब उरत नाही, असं मला वाटतं. पावसच्या एका बागायतदारांचा एकच बरा फोटो होता, आंब्याची पेटी खांद्यावर घेतलेला. बाराव्याच्या आत फ्रेम हवी होती. काकींनी पेटी काढली, मळका सदरा बदलला, मागे निळं आभाळ घातलं. पेटी धरलेली बोटं काढली की खांदा बिघडत होता, तेव्हा बोटं राहिली. त्यामुळे ते गृहस्थ फ्रेममध्ये स्वतःच्याच खांद्यावर हात ठेवून उभे होते. फ्रेम न्यायला आलेला मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाबा असेच उभे राहायचे." काकींनी माझ्याकडे बघितलं.

आता गणपतीच्या फोटोंबद्दल. आपल्याकडे गणपतीला माणूस घरी येतो हे सांगायला नको. पण बोटीवर नोकरी करणाऱ्याला दर वर्षी रजा मिळत नाही. आणि घरातल्या सगळ्यांचा मखरासमोर फोटो तर व्हायलाच हवा. तेव्हा आमच्या भागातल्या अनेक घरांनी काकींच्या सल्ल्याने एक पद्धत बसवली होती. घरातले सगळे रांगेत उभे राहतात आणि जो आलेला नाही त्याच्यापुरती जागा मोकळी सोडतात. एक फोटो तसा काढायचा. दुसऱ्या फोटोत त्याच जागी त्याच उंचीचा शेजारचा कोणी उभा करायचा, म्हणजे त्या जागेवरच्या माणसाच्या अंगावर उजेड कसा पडतो ते काकींना कळे. मग बोटीवरून आलेला फोटो त्या जागी बसवायचा. त्या दिवसांत काकींचा फोन सतत वाजे आणि त्या सांगत असत, "जागा सोडलीत ना? दोन माणसांची नको, एकाची सोडा. जाडा झालाय? मग दीड."

यात गमती होत. एका मुलाने बोटीवरून पाठवलेल्या सगळ्या फोटोंत कामाचा केशरी पोशाख होता. काकींनी त्याला कुर्ता घातला, डोक्यावरचं शिरस्त्राण काढून केस दिले, पण हातमोज्यांकडे लक्षच गेलं नाही. तो बाप्पासमोर जाड हातमोजे घालून नमस्कार करत उभा होता. त्याच्या आजीने तो फोटो बदलू दिला नाही. "थंडी असते गो तिकडे," ती म्हणाली.

या सगळ्याला मी खोटं म्हणत नव्हते. फोटो बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे की तो मुलगा बोटीवर आहे. जोडल्याची रेघ फोटोत नव्हती, पण बघणाऱ्यांच्या मनात होती. आणि पुढच्या वर्षी तो मुलगा स्वतः येऊन त्याच जागी उभा राहत असे.

पूर्णगडच्या आजींचं तसं नव्हतं.

त्यांचा धाकटा मुलगा मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर खलाशी होता. एका वादळातून ट्रॉलर परत आला, तो आला नाही. त्याला खूप शोधलं, तो सापडला नाही. त्या वेळी त्याची मुलगी पाळण्यात होती. आजींनी त्याचे दिवस घातले नाहीत आणि फोटोला हार घातला नाही. त्या वर्षी गणपतीत त्यांनी थोरल्या मुलाच्या आणि धाकट्या सुनेच्या मध्ये जागा सोडायला लावली, आणि विसर्जनानंतर एसटीने काकींकडे आल्या. काकींनी त्या जागी मुलगा उभा केला. त्यांना ते काहीच जड गेलं नाही. एका आईला हवं होतं, त्यांनी दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा दिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी काकींकडे जायला लागले तेव्हा हे काही वर्षं चाललेलं होतं. मी पहिल्यांदा तो फोटो पाहिला तेव्हा मला तो इतर बोटीवरच्यांसारखाच वाटला. इतकं काम बेमालूम होतं.

मग एका वर्षी गणपती गेले आणि दोनच दिवसांत पूर्णगडची सून एकटीच आली. हडकुळी, हळू बोलणारी बाई. माझ्याकडे बघून थबकली.

"ही आपलीच आहे," काकी म्हणाल्या. "बोल. आजी नाय आल्या?"

"आई उद्या येतील. मी आज आलेय ते त्यांना माहीत नाय." तिने पदर आवळला. "काकी, ह्या वर्षी ह्यांना फोटोत घालू नका."

"का गो?"

"पोरगी पहिलीत गेली. भिंतीवरचे फोटो बघते. परवा मला विचारत होती, बाबा गणपतीला येतात तेव्हा तुम्ही मला उठवत का नाय?"

काकींचा हात माउसवर होता, तो तसाच राहिला.

"तिला वाटतं ते रात्री येतात, फोटो काढतात आणि पहाटे बोटीवर जातात," सून म्हणाली. "ह्या गणपतीत ती झोपलीच नाय. आरतीनंतर दारात बसून राहिली. आईंसमोर मी काय सांगू तिला? त्यांनी अजून माझं कुंकू उतरवू दिलं नाय."

"आजींना सांग तू."

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल मला तो नको झालाय."

ती पाणीही न पिता गेली. तिच्या एसटीची वेळ झाली होती. काकींनी पडद्यावरचा फोटो बंद केला, पुन्हा उघडला. मग माझ्यावरच घसरल्या. "काय बघतेस? मी काय कोणाला फसवायला बसलेय? लोक मागतात ते देते."

मी काही म्हटलंच नव्हतं.

"पाळण्यात होती ती," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "मी आजींकडे बघून करत होते. ती मोठी होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाय."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या वेळेला गेले. आजी आल्या होत्या, सून आणि थोरला मुलगाही सोबत होते. नात शाळेत गेली होती. आजींनी पिशवीतून शहाळं काढून काकींच्या टेबलावर ठेवलं आणि फोटो कुठला निवडायचा ते सांगितलं. मग काकींना म्हणाल्या, "वहिनी, ह्या वेळी एक कर. त्याचे केस जरा पांढरे कर. भावाचे बघ किती पिकले. हा आपला पोरासारखाच दिसतो त्याच्या बाजूला. बायकोही मोठी दिसायला लागली त्याच्याहून."

सून खाली बघत होती. थोरला मुलगा बाहेर रस्त्याकडे बघत होता. सगळ्यांना नाही म्हणायचं होतं आणि ते काकींनी म्हणावं असं सगळ्यांना वाटत होतं, माझ्यासकट.

"करते," काकी म्हणाल्या. "पण वेळ लागेल. आठ दिवसांनी या."

ते गेल्यावर मी सरळ विचारलं, "तुम्ही हो का म्हणालात?"

"मग काय म्हणू? तुमचा मुलगा म्हातारा होणार नाय म्हणून सांगू? मला नाय जमणार."

"कालच त्या मुलीबद्दल तुम्ही..."

"माहिताय गो मला. गप बस जरा."

मी गप्प बसले नाही. माणसाचं वय वाढवून दाखवणारी ॲप आता प्रत्येक फोनमध्ये असतात. काम निदान लवकर उरकावं म्हणून मी माझ्या फोनवर त्या मुलाचा फोटो घातला आणि क्षणात उत्तर आलं. केस रुपेरी, गालांवर सौम्य सुरकुत्या, कपाळ रुंद. काकींनी नेहमीप्रमाणे आधी तोंड झाकलं, मग डोळे.

"हा बँकेतून रिटायर झाला," त्या म्हणाल्या. "ह्यानं उन्हात कधी जाळं ओढलं नाय."

त्यांचं म्हणणं मला पटलं. त्या ॲपने हजारो चेहऱ्यांची सरासरी शिकलेली असणार, आणि त्या हजारांत पूर्णगडचा खलाशी बहुधा नव्हता.

पुढच्या सकाळी मी बंदरावर नमुने घ्यायला गेले, तर काकी लिलावाच्या गर्दीत उभ्या होत्या. चपला हातात, साडी घोट्याच्या वर खोचलेली. मासळीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या माणसांचे चेहरे बघत होत्या. उन्हातल्या पाण्याकडे बघून बघून डोळे बारीक होतात, त्यामुळे डोळ्यांच्या कडेला घडीच्या आत कातडी गोरी राहते आणि घडीबाहेर करपते, हे त्यांनी मला तिथे दाखवलं. दाढी हनुवटीपासून पिकते. खालचा ओठ फुटतो. मी माशांच्या खवल्यांवरून वय ठरवत होते, त्या शेजारी उभ्या राहून हे करत होत्या.

जाळं आवरत बसलेल्या एका खलाशाच्या अगदी जवळ जाऊन त्या निरखायला लागल्या, तेव्हा तो म्हणाला, "काकी, भाव विचारायचा तर बांगड्याचा विचारा. माझ्या तोंडाला गिऱ्हाईक नाय."

"तोंड हलवू नको," काकी म्हणाल्या. "वय किती तुझं?"

"बायकोला सांगितलेलं की खरं?"

"खरं सांग रे."

त्याने सांगितलं. हरवलेला मुलगा आज असता तर साधारण तेवढ्याच वयाचा असता. काकींनी त्याचा फोटो काढला नाही, नुसता बघून घेतला. मग बर्फाच्या गाडीला वाट देत हळूहळू चढाला लागल्या.

त्या आठ दिवसांत त्यांनी बाकी कामं बाजूला ठेवली. नाकाच्या बाजूच्या रेषा त्यांनी आजींच्या चेहऱ्यावरून घेतल्या, कानशिलाचे केस थोरल्या भावासारखे मागे नेले. मी जाई तेव्हा त्यांचं तोंड बंद असे, आणि काकींचं तोंड बंद असणं ही दुर्मीळ गोष्ट होती. त्यांच्या हातून इतकं चांगलं काम झालेलं मी आधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर एक खराखुरा माणूस होता. बंदरावरून आत्ताच हातपाय धुऊन आलेला, दमलेला, चाळिशीकडे निघालेला. भावाच्या शेजारी तो भाऊ दिसत होता आणि बायकोच्या शेजारी नवरा.

ठरल्या दिवशी आजी आणि सून आल्या. काकींनी आजींना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

आजींनी आधी मखर बघितलं, मग थोरल्याला, मग नातीला. मग तिथे आल्या. चष्मा काढला, पदराने पुसून पुन्हा लावला.

"हा कोण?"

काकी म्हणाल्या, "तुमचाच. सांगितलंत तसा."

आजी पुढे वाकल्या. त्यांचं नाक जवळजवळ पडद्याला टेकलं. त्यांना तो आवडला नाही असं मी म्हणणार नाही. त्या त्याच्याकडे फार आपुलकीने बघत होत्या, दूरच्या नात्यातला कोणी पहिल्यांदा घरी यावा तसं.

"असा दिसला असता होय?" त्यांनी विचारलं.

"माझ्या अंदाजानं."

"बापावर गेला असता."

"असेल. त्यांना मी बघितलं नाय."

बाहेर कोणी तरी पासपोर्टच्या फोटोसाठी आलं होतं, त्याला काकींनी हातानेच थांबवलं.

"पण असा झाला नाय ना गो तो," आजी म्हणाल्या. त्या हे कोणालाही उद्देशून बोलत नव्हत्या. "असा व्हायला तो राहायला हवा होता."

सून भिंतीला टेकून उभी होती, ती खाली बसली. आजींनी मागे वळून न बघता हात मागे नेला आणि तो सुनेच्या डोक्यावर पडला. तिथेच राहिला.

"काढ ह्याला वहिनी," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

"काढून आधीचा घालू? नेहमीचा?"

"नको."

"मग माणसं जवळ आणू? जागा भरून टाकू? कळणार नाय कोणाला."

हे काकी करू शकल्या असत्या. दोन्ही बाजूची माणसं वीतभर सरकवायची, मागचं मखर जोडायचं. अर्ध्या तासाचं काम. आजींनी मान हलवली.

"तशीच राहू दे. होती तशी."

काकींनी तो फोटो तसाच छापला. उजेडसुद्धा वाढवला नाही. भाऊ, मग माणसाएवढी मोकळी जागा, त्या जागेतून दिसणारी मखराची कागदी फुलं आणि एक समई, मग सून, मग मुलगी. आजी मधोमध पाटावर.

त्या दोघी गेल्यावर मी काकींना विचारलं, की त्यांना हे होणार हे माहीत होतं का. मुद्दाम इतकं खरं काम केलं का, म्हणजे आजींना स्वतःलाच दिसावं? मला कार्यकारण जुळवायची घाई असते.

काकींनी शहाळं फोडायला कोयता शोधला. "माहीत नाय गो," त्या म्हणाल्या. "नीट करायचं एवढंच ठरवलं होतं. वाईट केलं असतं तर आजी म्हणाल्या असत्या, वहिनी, नीट कर. मग संपलंच नसतं."

त्यांनी त्या मुलाचा तो चेहरा पुसला की ठेवला, हे मी विचारलं नाही.

माझं संशोधन संपलं आणि मला दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा काकींनी स्टुलावर बसवून माझा फोटो काढला, "हनुवटी खाली, अजून खाली" सगळं झालं, आणि कपाळावरच्या आठ्या त्यांनी काढल्या नाहीत. "त्या राहणार," म्हणाल्या. त्यानंतर फोनवर बोलणं होई. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. काकी दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या होत्या. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्यानंतरच्या गणपतीला मी घरी आले तेव्हा एक दिवस पूर्णगडला जाऊन आले. तिथे काकींची बातमी पोहोचली होती, तरी समोरासमोर सांगावं असं मला वाटलं. गडाच्या खालच्या बाजूला त्यांचं घर आहे. आजी चुलीपुढे होत्या. सून मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना वाढत होती. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, छोटी काळी टिकली होती. मुलगी आता उंच झाली होती. तिने मला ओटीवरच्या भिंतीशी नेलं. तिथे गणपतीचे सगळे फोटो ओळीने लावले होते. त्यातला एकही उतरवलेला नव्हता.

"ह्यात बाबा आहेत ते फोटोवाल्या काकींनी आणलेले," ती बोट दाखवत सांगू लागली. "ह्यातही. ह्यातही. ते तेव्हा नव्हतेच. ते समुद्रात गेले. आजीनं मला सांगितलं." मग ती शेवटच्या दोन फोटोंकडे आली, जिथे माणसांच्या मध्ये समई दिसत होती. "हे खरे आहेत."

तिची मांडणी अचूक होती. मी मान डोलावली.

आतून आजींचा आवाज आला. त्या कान देऊन ऐकत होत्या हे आम्हाला कळलं नव्हतं.

"सगळेच खरे हां गो," त्या म्हणाल्या. "पाहुणीला आत आण आता, मोदक थंड होतायत."